पेंग्याची गालफडं

माझ्या धाकट्या भावाला झोपेची कधीच ददात नव्हती. आडवा झाला की ढाराढूर. पण गालांची हाडं जन्मापासून मागे सरलेली, डोळ्यांखाली खळगे. बघणाऱ्याला वाटावं, हा आठवडाभर जागाच आहे. त्यात पठ्ठ्या विकायचा गाद्या! गिऱ्हाईक आधी गादी दाबून बघायचं, मग याचं तोंड बघायचं आणि विचारायचं, "तुम्हाला तरी लागते का हो झोप यावर?" दुकानात त्याचं नावच पेंग्या पडलं. शेवटी मालकाने त्याला मागे गोदामात धाडलं.

त्याने सर्जन गाठला. तोंडाच्या आतून काप घेऊन गालांच्या हाडांवर आणि डोळ्यांच्या खालच्या कडेला इम्प्लांट बसवायचे ठरले. मी कडाडलेच. "बाप्या माणसाला कशाला हवीत ही थेरं?"

"ताई, तुला नाही ना कुणी रोज विचारत, बरं नाही का म्हणून," एवढंच बोलला आणि ऑपरेशन करून आला. तोंड भोपळ्याएवढं सुजलं. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा, कारण गालावर भार द्यायची सक्त मनाई होती.

सूज उतरली, मनाई मात्र उठली नव्हती. मालकाने त्याला पुन्हा पुढे उभं केलं. त्या सकाळी मी मुद्दाम दुकानात गेले, चार टोमणे मारायलाच. एक जोडपं आलं आणि थेट गादीबद्दल बोलू लागलं. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. भाऊ असा खुलला म्हणता! "पालथं झोपलात तरी पाठ धरणार नाही," म्हणाला आणि दाखवायला, जुन्या सवयीने, धाडकन गादीवर तोंडघशी पडला. उठला तो गाल धरूनच.

मी त्याला तसाच दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी तपासलं. "डावा इम्प्लांट सरकलाय. पुन्हा उघडून पक्का बसवू, नाहीतर सगळेच काढून टाकू. काढले तर चेहरा पूर्वी होता तसा होईल. विचार करून सांगा."

भाऊ माझ्याकडे बघेना. "काढूनच टाकतो, ताई. तू म्हणालीच होतीस."

गिऱ्हाइकासमोर मान वर करून उभा असलेला माझा भाऊ मी त्या सकाळी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता.

"काढतोस काय, मूर्खा!" मी डॉक्टरांसमोरच ओरडले. "नीट बसवून घे."