सातवं रिव्हॉल्व्हर आणि चकलीचा सोऱ्या

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. मित्र दुबईत होता तोवर म्हटलं, एकदा निवांत भेटून बोलू. तो कायमचा भारतात परतला तेव्हा म्हटलं, फोनवर बोलू. मागच्या वर्षी तो वारला, तेव्हा म्हटलं, आता बोलून कुणाला काय फरक पडतो? मला पडतो. दिवाळीत चकली हातात घेतली की हटकून पडतो. म्हणून एकदा काय झालं ते सरळ लिहून टाकतो.

माझ्याकडे सहा रिव्हॉल्व्हर आहेत. वाचणाऱ्याने दचकू नये. सगळी खेळण्यातली, टिकल्या फोडायची, आमच्या लहानपणच्या पत्र्याची. लहानपणी असलं एक आमच्या आळीत फक्त माझ्या चुलतभावाकडे होतं. आम्ही बाकीचे टिकल्या दगडाने फोडायचो आणि तोंडाने ‘ठो’ म्हणायचो. पुढे दुबईत हार्डवेअरचं छोटं दुकान टाकलं, चार पैसे हातात आले, आणि ज्या वयात लोक गुडघ्यांची काळजी करतात त्या वयात मी जुन्या बाजारातून पत्र्याची रिव्हॉल्व्हर जमवायला लागलो. निवडताना अट एकच, वजन कमी हवं. सुट्टीहून परतताना बॅगेत भाजणी, मेतकूट, आमसुलं, बायकोचं गुडघ्याचं तेल आणि तिच्या मैत्रिणींची भाजणी-मेतकूट-आमसुलं भरल्यावर जी ग्रॅम-दोन ग्रॅम जागा उरायची, तीच माझ्या छंदाची.

अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे शस्त्रागार आकाशकंदिलाच्या खोक्यामागे असायचं. सहावं आलं तेव्हा बायकोने ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि म्हणाली, “वजनाला काही नाही हो. पण आता खलास. सातवं या घरात आलं, तर मी त्याच बॅगेतून माहेरी जाईन.”

“बॅगेत मावशील का?” मी विचारलं. दोन दिवस जेवणात मीठ नव्हतं.

आणि मग सातवं दिसलं. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने जुन्या बाजारातून फोटो पाठवला. माझी सहाच्या सहा नुसती नावाची रिव्हॉल्व्हर होती, त्यांत टिकल्यांची गुंडाळी घालावी लागायची. ह्याचं चक्र मात्र खरोखर फिरत होतं. ॲल्युमिनियमचं, पिसासारखं हलकं, मुठीवर घोड्याचं चित्र. घ्यावं की नाही यावर मी फार गंभीरपणे विचार केला. विरोधात बायको होती. बाजूने घोडा होता. घोडा जिंकला.

प्रश्न उरला आणायचं कुणी. आखातातल्या मराठी माणसाला हा प्रश्न फार काळ पडत नाही. कुणीतरी कायम जात असतं, कुणीतरी येत असतं, आणि येणाऱ्याच्या बॅगेवर सगळ्या ओळखीच्यांचा हक्क असतो. माझा मित्र तेव्हा आईला भेटायला डोंबिवलीला गेला होता. जबल अलीच्या एका गोदामात त्याने सगळं आयुष्य काढलं होतं आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याचा निरोपसमारंभ होता. त्यासाठी त्याने नवा सूट शिवला होता. भाषण पाठ केलं होतं. मला अबूधाबीच्या रस्त्यावर गाडीत दोनदा ऐकवलंही होतं.

मी त्याला फोन केला. “अरे, मेहुणा एक पार्सल देईल. हिच्यासाठी चकलीचा सोऱ्या आहे. उघडू नकोस, तेल लावलंय.”

खोटं बोलायचं कारण सोपं होतं. त्याच्या बायकोला कळलं असतं तर माझ्या बायकोला कळलंच असतं. दोघी रोज सकाळी फोनवर असायच्या.

त्याने पार्सल हातात घेऊन मला परत फोन केला. “सोऱ्या इतका हलका?”

“ॲल्युमिनियमचा आहे,” मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य.

पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं. मुंबई विमानतळावर सामान मशीनमधून गेल्यावर त्याला बाजूला बोलावलं. अधिकारी मराठी निघाला.

“काका, बॅगेत काय आहे?”

“भाजणी, आमसुलं आणि सोऱ्या.”

अधिकाऱ्याने पडदा त्याच्याकडे वळवला. “सोऱ्याला घोडा कधीपासून असतो?”

माझा मित्र आयुष्यभर गोदामात नवीन माल उतरवून घेणारा माणूस. तो म्हणाला, “नवीन मॉडेल असेल.”

पार्सल उघडलं. खेळणं आहे हे लगेच कळलं, पण कळलं म्हणून कुणी सोडत नाही. हा या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून साहेबाकडे, आणि प्रत्येक ठिकाणी याचं एकच, “साहेब, मला सोऱ्या म्हणून दिलाय.” कुणी दिला ते मात्र त्याने सांगितलं नाही. शेवटी विमानतळावर सोडायला आलेल्या भावाच्या हातात ते खेळणं दिलं गेलं आणि विमान याला न घेता उडालं. दिवाळीचे दिवस होते. पुढची जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सपत्नीक समारंभाला हजर होतो. केक आला होता, त्यावर क्रीमने त्याचं नाव होतं. मॅनेजर साहेबांना रात्री सुट्टीवर जायचं होतं, त्यामुळे कार्यक्रम पुढे ढकलता येईना. “ही इज स्टक इन मुंबई,” कुणीतरी जाहीर केलं. मग साहेबांनी मलाच पुढे ओढलं. “यू आर हिज फ्रेंड, नो? यल्ला, कम!”

माझ्या खांद्यावर शाल पडली. हातात सुरी आली. मी केक कापला. “स्पीच, स्पीच,” असा गलका झाला आणि दोनदा ऐकल्यामुळे मला त्याचं भाषण येतच होतं. मी ते म्हटलं. चांगलं झालं. एक फोर्कलिफ्टवाला रडला. आजही त्या गोदामाच्या ऑफिसात निरोपसमारंभाचा एक फोटो असेल. त्यात शाल पांघरून हसणारा माणूस तिथे एक दिवसही कामाला नव्हता.

मित्र आला तेव्हा मी ती शाल आणि कंपनीने त्याला भेट दिलेलं घड्याळ घेऊन त्याच्या घरी जाणार होतो. सगळं कबूल करणार होतो. पण तोच आमच्याकडे आला. मी काही बोलायच्या आत बायको चहा घेऊन बाहेर.

“काय हो भाऊजी, बॅगेत पिस्तूल म्हणे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं. चहात बरंच काही पाहण्यासारखं असल्यासारखा पाहत राहिलो.

“नातवासाठी घेतलं होतं, वहिनी,” तो म्हणाला.

“नातू? अहो, मुलाचं लग्न कुठे झालंय तुमच्या?”

“ॲडव्हान्समध्ये.”

बायको इतकी हसली की चहा सांडला. “आमच्या ह्यांच्या नादाने तुम्हीही बिघडलात. निदान हे आता थांबलेत.”

“हो ना,” तो म्हणाला. “ह्याच्याकडून शिकायला हवं.”

त्या एका वाक्याचा मी आजवर हिशेब लावतो आहे. निवृत्तीनंतरही काही वर्षं तो मुलाजवळ दुबईतच होता, आणि आमच्या मराठी मंडळात त्याला ‘ॲडव्हान्स आजोबा’ नाव पडलं. गणपतीत, कोजागिरीला, हळदीकुंकवाला बायकांना सोडायला आलेल्या नवऱ्यांतसुद्धा त्याची थट्टा व्हायची. मीही हसायचो, न हसलो असतो तर संशय आला असता. तो एवढंच करायचा. गर्दीत माझ्याजवळ येऊन हळूच विचारायचा, “मग? सोऱ्या काय म्हणतोय?” मी प्रत्येक वेळी माफी मागायला तोंड उघडायचो आणि समोसा घालून बंद करायचो.

गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल आला. माझ्या नातीने फोन स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत बायको भाजणी भिजवत होती.

“भाऊजी, माळा आवरताना ते पिस्तूल सापडलं,” वहिनी म्हणाल्या. “यांनी दरवर्षी दसऱ्याला पक्कड, स्क्रू-ड्रायव्हरबरोबर त्याचीही पूजा केली. तेल घालून ठेवायचे.” त्यांनी ते कॅमेऱ्यासमोर धरलं. चक्रात झेंडूची वाळकी पाकळी अडकली होती. घोडा होता तसाच. “तुम्ही जमवता, म्हणून म्हटलं विचारावं. हवंय तुम्हाला? नाहीतर नातू मागतोय.”

मागे एक मुलगा उड्या मारत होता. ॲडव्हान्समध्ये जाहीर झालेला नातू आता खरोखर होता, सहा वर्षांचा, समोरचे दात पडलेला.

माझ्या नातीने पडद्यात डोकावून पाहिलं. “आजोबा, नॉट वन मोर!”

खरं सांगतो, उत्तर समोर आयतं होतं. ‘नातवासाठीच घेतलं होतं ना त्याने, त्यालाच द्या,’ एवढं म्हटलं की झालं. त्याचं खोटं खरं झालं असतं आणि माझं कायमचं पुरलं गेलं असतं. स्वयंपाकघरात भाजणीतला बायकोचा हातही थांबला नसता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं.

“वहिनी,” मी म्हणालो, “ते त्याचं नव्हतंच. माझं होतं. मी त्याला सोऱ्या म्हणून आणायला सांगितलं होतं.”

त्यांनी विचारलं, “म्हणजे समारंभ तुमच्यामुळे चुकला?”

“हो.”

“ते मला बोललेच नाहीत कधी,” त्या म्हणाल्या, आणि फोनमध्ये न बघता पदराने ते रिव्हॉल्व्हर पुसायला लागल्या. मग पोराकडे वळून म्हणाल्या, “घे रे. आजोबांनी सांभाळलंय.”

पोराने चाप ओढला. टिकल्या नव्हत्याच. त्याने तोंडाने ‘ठो’ म्हटलं.

बायको दारात उभी होती, हाताला पीठ. मी माहेरच्या बॅगेची वाट पाहत होतो. ती म्हणाली, “इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्याला हसले.” मग हाताचं पीठ झटकत, “आणि सोऱ्या? तो तरी कधी आणलात मला?”

तर कपाटात सहाच आहेत. सातवं जिथे असायला हवं तिथे आहे. बायकोने सांगितलंय, आता त्याची माफी मागा. ती कशी मागायची, ते ती सांगत नाही. म्हणून समोशाच्या आड जे इतकी वर्षं राहिलं, ते इथे लिहितो.

अरे, ते पार्सल माझं होतं. समारंभ तुझा होता. तुझं भाषण मी म्हटलं, आणि त्यात शेवटी तू तुझ्या आईचं नाव घेणार होतास, ते मी विसरलो. केक चांगला होता. मी दोन तुकडे खाल्ले. माफ कर मला.