उत्तर येतं का, सर?

ईमेल-ग्रुपवरच्या मंडळींनो, आहात का कुणी?

आज परळीत बी.कॉम.च्या पोरांना ईमेल शिकवला. इथल्या वीजकेंद्राच्या राखेपायी चपला लॅबबाहेर काढायला लावतो. सगळे अनवाणी येऊन बसले. प्रत्येकाचा आयडी काढून दिला आणि म्हणालो, "आता ओळखीच्या कुणालाही मेल लिहा."

कुणाचीच बोटं हलेनात. दिंद्रुडची सुनीता म्हणाली, "सर, आमच्या वळखीत कुणाकडंच ईमेल न्हाई. पाठवू कुणाला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुस्तकातल्या नमुन्याच्या मेलमध्ये ग्राहकाचा पत्ता आयता छापलेला असतो.

शेवटी तिनं स्वतःलाच पाठवला. 'सुनीताताई यांस, सप्रेम नमस्कार, आपण खुशाल असाल.' तो आलेला दिसला तेव्हा लई हरखली.

तास संपल्यावर चपला घालता घालता तिनं विचारलं, "सर, तुमी कुणाला लिहिता?"

"मित्रांच्या ग्रुपला. पुण्या-बंगळूरला असतात सगळे."

"उत्तर येतं का?"

"रोज," म्हणालो.

दिवाळीपासून या ग्रुपवर माझ्याशिवाय कुणी एक ओळ लिहिलेली नाही, साल्यांनो. आणि उद्या ती तुमची उत्तरं बघायला येणार आहे. काय दाखवू तिला?