पस्तीस मार्कांचा वर्ग

आठवीच्या वार्षिक परीक्षेला महिना उरला की आमच्या शाळेत वर्गाची फाळणी व्हायची. हुशार मुलांना ‘सेंटम’साठी, म्हणजे गणितात शंभरपैकी शंभरसाठी, तयार करायचं आणि उरलेल्यांना कसंबसं पस्तीसच्या पलीकडे ढकलायचं. सेंटमचा वर्ग सीनियर टीचरकडे असे. पस्तीसचा माझ्याकडे, कारण मी नवी होते, परप्रांतातली होते आणि मला नाही म्हणता येत नसे.

शाळा चेन्नईतल्या अंबत्तूरला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या अंगाला होती. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, त्याच्या बदलीबरोबर मी सोलापूरहून इथं आले आणि बी.एड.चा कागद दाखवून नोकरीला लागले. इस्टेटमध्ये लेथचे शेड पाडून तिथं काचेची आयटी ऑफिसं उभी राहत होती, ते दिवस. संस्थेच्या चार शाळा होत्या आणि चारही शाळांना गणिताचा एकच पेपर सीलबंद यायचा. तपासायलाही तो दुसऱ्या शाळेत जायचा. त्यामुळे ओळखीपाळखीचा एक मार्कसुद्धा मिळायची सोय नव्हती. आठवीत नापास झालेल्याला जूनमध्ये फेरपरीक्षा, तीही गेली तर हातात टी.सी. दहावीचा निकाल स्वच्छ दिसावा म्हणून चाळणी आधीच लावलेली होती.

माझ्या वर्गात नऊ मुलं होती. सकाळी सव्वासातला, प्रार्थनेच्या आधी आम्ही बसायचो. शिकवायला वेळ नव्हता असं मी तेव्हा म्हणायचे. खरं म्हणजे धीर नव्हता. मी जुने पेपर काढले, त्यातली पुन्हा पुन्हा येणारी वीस गणितं निवडली आणि पहिल्या पायरीपासून उत्तरापर्यंत फळ्यावर लिहून दिली. मुलांनी ती प्रत्येकी दहा वेळा उतरवायची आणि पाठ म्हणायची. हो, गणितं पाठ म्हणायची. आजूबाजूच्या सगळ्या शाळांत हेच चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही आठवड्याभरात वाटेनासं झालं.

त्या नऊ जणांत एक मुलगी होती. तंजावरकडच्या मराठी घरातली. पहिल्या दिवशी ती माझ्याशी मराठी बोलली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला, आणि पाच मिनिटांतच मी तिच्या त्या तमिळ हेल काढून बोललेल्या जुन्या मराठीला हसले. ती मात्र माझ्याशी मराठीच बोलत राहिली. मुलगी मठ्ठ नव्हती, संथ होती. पेपर अर्धाच लिहून व्हायचा, म्हणून सहामाहीत अठ्ठावीस मिळाले आणि ती माझ्या वाट्याला आली.

माणसं आणि दिवसांचं एक गणित दरवर्षी ठरलेलं असायचं. बारा माणसं एक काम वीस दिवसांत करतात, तर पंधरा माणसं किती दिवसांत करतील? मी व्यस्त प्रमाणाचं सूत्र लिहून दिलं होतं. हिनं वहीत सूत्र लिहिलंच नाही. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. त्याला पंधरानं भागून सोळा. मी विचारलं, हे कुठून आणलंस?

“अप्पा असंच करतात, मिस. शेडमध्ये एवढी आळं, एवढे दिवस, म्हणून आधी सगळं काम मोजतात. मग वाटतात.”

तिचे वडील इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर होते. आळं म्हणजे माणसं. खरं तर हे माझ्या सूत्रापेक्षा चांगलं होतं, कारण त्यात कशाला कशानं गुणलं आणि का, हे तिला समजत होतं. मला ते तिथल्या तिथे कळलं होतं, हे मी आज कबूल करते. पण घड्याळात आठला दहा कमी होते आणि अजून चार गणितं घोकून घ्यायची होती. मी तिच्या उत्तरावर लाल रेघ मारली.

“परीक्षेत घरचं चालत नाही. मी दिलंय ते जसंच्या तसं लिहायचं.”

“आणि आकडे बदलले तर, मिस?”

मागच्या बाकावरची दोन मुलं हसली. माझं डोकं फिरलं. “बदलले तरी मी दिलंय तेच लिही! स्टेप्सना मार्क असतात. तू डोकं चालवू नकोस, तेवढं केलंस तरी पास होशील.”

हे वाक्य मी शब्दशः बोलले. त्यात फिरवाफिरव करायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. ती “सरी, मिस”, म्हणजे बरं, असं म्हणाली आणि उतरवायला बसली.

एप्रिलमध्ये तपासलेले पेपर परत आले. बेरजा पडताळून बघायचं काम वर्गशिक्षिकेचं असतं, ती मीच होते. नवांपैकी सात पास. एक मुलगा अकरावर होता, त्याचं काही होणारच नव्हतं. आणि हिला एकतीस.

मी पानं उलटली. माणसं-दिवसांचं गणित होतं, पाच मार्कांचं, आणि आकडे बदललेले होते. अठरा माणसं, वीस दिवस. तर चोवीस माणसं? तिनं आधी स्वतःच्या पद्धतीनं केलं होतं. अठरा गुणिले वीस, तीनशे साठ. भागिले चोवीस, पंधरा दिवस. अचूक. मग त्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती. त्याच्याखाली सुवाच्य अक्षरात माझं सूत्र, माझ्या पायऱ्या, माझे आकडे. बारा गुणिले वीस. उत्तर सोळा. तपासणाऱ्यानं सूत्राचा एक मार्क दिला होता आणि खोडलेल्या उत्तराकडे नियमाप्रमाणे पाहिलं नव्हतं.

एकतिसातून तो एक वजा करून पाच मिळवले की बरोबर पस्तीस होत होते. मी ती बेरीज तीनदा केली.

फेरतपासणीचा अर्ज वर्गशिक्षिकेला करता यायचा. कारण लिहून सही करायची आणि मुख्याध्यापिकांकडे द्यायचा. विद्यार्थिनीनं बरोबर उत्तर माझ्या सांगण्यावरून खोडलं, एवढं एकच वाक्य लिहायचं होतं. पाठांतर सगळेच करून घेत होते, मुख्याध्यापिकांनाही ते ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सहीनिशी कागदावर येणं वेगळं. मला पुढच्या वर्षी कायम व्हायचं होतं. अर्जाचा कोरा फॉर्म मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले आणि मुदत संपू दिली.

पालकांना पेपर दाखवायच्या दिवशी तिचे वडील आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. ते माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेला बसले, ती शेजारी उभी. त्यांनी पान न् पान वाचलं. त्या गणितापाशी त्यांचं बोट थांबलं. खोडलेल्या ओळींवरून ते हळूहळू फिरलं आणि त्यांनी मान वर केली.

“हे सरी आहे न्हवं, मिस? मग ती का खोडली?”

ती माझ्याकडे पाहत होती. सांगते का बघू, अशा नजरेनं नाही. मी आता काय सांगणार ते ऐकून तसं वागायचं, अशा नजरेनं. मी म्हणाले, “ऐन वेळी गोंधळली. लक्ष नसतं तिचं.”

“आमा, अप्पा,” तिनं होकार दिला. “गोंधळले.”

वडिलांनी माझी माफी मागितली. तुम्ही सकाळी लवकर येऊन एवढे कष्ट घेतलेत, पोरीनं वाया घालवले, असं काहीबाही म्हणत हात जोडले. एका मराठी टीचरमुळे पोरीला आधार झाला, असंही म्हणाले. मी “असू दे हो” म्हटलं. इतकं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात दुसरं उच्चारलेलं नाही.

फेरपरीक्षेचा पेपर शाळेतच काढायचा असे आणि तो माझ्याकडे आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिला बोलावलं. रिकामा वर्ग, वर पंखा. मला भरपाई करायची होती. मी फळ्यावर माणसं-दिवसांचं नवं गणित लिहिलं, खडू तिच्या हातात दिला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, “तुझ्या पद्धतीनं कर. अप्पांच्या. मला आवडते ती.”

तिनं खडू घेतला, फळ्याकडे पाहिलं, आणि टेबलावर ठेवून दिला.

“नको, मिस. तुम्ही लिहून द्या, मी पाठ करते.”

मी पुष्कळ समजावलं. माझं चुकलं, एवढं मात्र म्हणाले नाही. म्हणाले असते तर कदाचित तिनं खडू पुन्हा उचलला असता. शेवटी तिला टी.सी. मिळू नये, हे स्वतःला सांगत मी पेपरात घालणार होते तीच गणितं त्याच आकड्यांसकट फळ्यावर उतरवली. ती खाली बसून एकेक ओळ लिहून घेत गेली.

तिला अठ्ठ्याहत्तर मिळाले. मुख्याध्यापिकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि तिला मुद्दाम बोलावून माझ्या पाया पडायला लावलं. त्यातलं एकही गणित तिनं सोडवलेलं नव्हतं, हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. ती वाकली, उठली, आणि माझ्या तोंडाकडे न बघता निघून गेली.