शिडाच्या बोटीवर मी वाजवलेलं

बोर्ली पंचतनला माझं गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवायचं दुकान आहे. आजवर शेकडो जीप, टेम्पो वाजते केले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शिडाची एक बोट केली, तर तिचे किस्से इतके साठलेत की मी चहाला गेलो की लोक बाकावर सरकून जागा करतात. "सुधीर, ये. सांग!" मी सांगतो. सगळ्यांबरोबर हसतोही. पण कान गरम होतात ते होतातच.

बोट म्हसळ्याच्या डॉक्टर मॅडमची. लहान मुलांच्या डॉक्टर. झापायचं असलं तरी आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त लागतं. बोट सेकंडहँड घेतलेली, श्रीवर्धनजवळच्या खाडीत असते. ती चालवायला तांडेल पांडूकाका. उभा जन्म समुद्रावर गेलेला माणूस.

* * *

मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बोटीसाठी वेगळी सिस्टीम लागते का रे?"

मी छाती फुगवून म्हणालो, "गाडी काय, बोट काय, मॅडम! दोन्हीकडे बाराच व्होल्ट."

आणि गाडीचे साधे, कागदी पडद्याचे स्पीकर ठोकून दिले. दोन महिन्यांत आवाज घोगरा झाला. मॅडमनी जाळी काढून पडद्याला बोट लावलं, तर बोट आरपार!

"सुधीर, हा पापड आहे का?"

पांडूकाका वाकून बघत म्हणाले, "हाय, पण भिजलेला."

* * *

मग वॉटरप्रूफ स्पीकर आणले. चांगले जड, मागे हे एवढं चुंबक. दिसायला झकास म्हणून समोरच बसवले, होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडम आणि पांडूकाका मुरूडला निघाले. मुरूड उत्तरेला. धुकं होतं, म्हणून काट्यावर विश्वास ठेवून चालले. तासाभरात धुकं फाटलं, तर किनाराच नाही! पांडूकाकांनी मागे वळून पाहिलं. सूर्य नेमका पाठीमागे.

"मॅडम, काटा खरा असंल तर आज सूर्य दक्षिणेला उगवलाय!"

होकायंत्र चुंबकाला भुलतं हे मला शाळेपासून माहीत होतं. शेजार मीच लावून दिला.

* * *

पुढे अँपबद्दल, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याबद्दल. मॅडमना हळू गाणी पुरत होती. मोठा अँप घ्यायला मीच लावलं. बास ऐकवायला म्हणून मी स्वतः बोटीवर गेलो आणि सकाळभर वाजवत बसलो. दुपारी वारा पडला. शीड लोंबलं. मॅडमनी इंजिनाची चावी फिरवली... टक्. परत टक्. इंजिन आणि अँप, दोघांना मी एकाच बॅटरीवर ठेवलं होतं.

शेवटी मासेमारीच्या एका बोटीने दोर टाकला. वरून कोणीतरी ओरडून विचारलं, "काय, डिझेल संपलं?"

पांडूकाका म्हणाले, "न्हाय. गाणी संपली."

खाडीपर्यंत मी दोराकडेच बघत बसलो. त्यानंतर वेगळी बॅटरी बसवली, पण ते कोणी सांगत नाही.

* * *

आता सांगतो ते मी चहावर सांगत नाही.

बोटीला कलई केलेली वायर लागते, नाहीतर खारं पाणी आत शिरून तांबं खातं. हे मॅडमनी कुठेतरी वाचून मला सांगितलं होतं. मी "हो हो" म्हणालो आणि दुकानात उरलेली गाडीची वायर ओढली. दिसतंय कोणाला? पावसाळा संपल्यावर उघडलं, तर वायर चटणीसारखी हिरवी. मॅडम काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "कंपनीने माल खराब दिला, मॅडम!"

त्यांनी वायर शांतपणे उलटी केली. गुंडाळलेल्या टेपवर माझ्याच दुकानाचं स्टिकर.

"कुठली कंपनी, सुधीर?"



सगळी वायर नवी ओढली. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायला तेव्हापासून मी स्वतः जातो.

* * *

गेल्या हिवाळ्यात सिस्टीम अशी वाजायला लागली की काय सांगू! पांडूकाका त्या दिवशी लग्नाला गेले होते. मॅडम सुकाणूवर, मी आवाजाच्या बटणावर. पुढे एक लहान होडी दिसली. म्हातारा-म्हातारी उभे राहून दोन्ही हात हलवत होते.

"आवडलं त्यांना, मॅडम!" मी आवाज वाढवला आणि मीही दोन्ही हात हलवले. म्हाताऱ्याने आणखी जोरात हलवले. मीही.

मग कोणीतरी खालून धरल्यासारखी बोट जागच्या जागी अडकली. मी गाणं बंद केलं. तेव्हा कुठे म्हातारीचं ओरडणं कानावर आलं. आम्ही त्यांच्या जाळ्यात घुसलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. जाळं अंगणभर पसरलेलं. म्हातारा आत झोपलेला, म्हातारी सुईने शिवत बसलेली. मॅडमनी भरपाईचं बोलून घेतलं. माफी मात्र मला मागायची होती. मी उकिडवा बसलो. वर बघवेना.

"मावशी, गाण्यात ऐकूच आलं नाही हो."

तिची सुई काही थांबली नाही.

"आमी वरडत व्हतो, तू हात हालवलास. मग ह्ये वरडायचे थांबले. म्हनले, वळखीचा दिसतोय कोनतरी."