मागाहून येणारे

ज्याला रूप नाही, आणि तरी ज्याच्यावाचून एकही दार उघडत नाही, त्या परमेश्वराला आधी वंदन. पंचवटीत आम्ही भजनी मंडळी ज्याला शेकडो नावांनी हाक मारतो, आणि गंगापूर रोडवरच्या एका लहानशा घरात ज्याचे नाव घेतानाही जीभ भिते, तो एकच. त्याच्या साक्षीने एझ्रा झिराडकरांची कथा सांगतो.

एझ्राकाका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून वर आलेले मराठी ज्यू. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, वय ब्याऐंशी. त्यांच्या दाराच्या चौकटीवर मझुझा आहे, पवित्र वचनाची छोटी नळी. येता-जाता ते तिला बोट लावतात, बोट ओठांशी नेतात. दारावर नावाची पाटी मात्र कधीच नव्हती. त्या नसलेल्या पाटीमागे एक बहीण होती.

मिलका त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. १९६५ साली, आई अंथरुणाला खिळलेली असताना, ती एकटी इस्राएलला निघाली. एझ्रा संतापला, ती काय सांगते ते ऐकूनही घेतले नाही. मुंबईला निरोप द्यायलाही गेला नाही. दोन महिन्यांत आई गेली. मग त्याने पंचवटीतले भाड्याचे घर सोडले, आणि पोस्टमनने नवा पत्ता मागितला तेव्हा सांगितला नाही. आईला टाकून जाणाऱ्या बहिणीचे पत्र त्याला नको होते. लग्न केले नाही. मिलका तिकडे सुखात असेल, असे म्हणत साठ वर्षे काढली. राग धरायलाही समोर माणूस जिवंत लागतो ना!

शेजारच्या ज्योत्स्नाताई, निवृत्त शिक्षिका. त्यांनीच हट्ट धरला की निदान शोध तरी घ्यावा. तिकडच्या दप्तरखान्याला त्यांनी पत्र लिहिले, पुन्हा लिहिले, आणि गेल्या श्रावणात तीन कागदांच्या प्रती इंग्रजी भाषांतरासह आल्या. त्या वेळी काकांचा जुना स्नेही म्हणून मी तिथे होतो.

काकांना हिब्रू अक्षरे प्रार्थनेपुरती येत. पहिला कागद मिलकाच्या आगमनाच्या नोंदीचा होता. ‘मागाहून येणारे’ या रकान्यावर त्यांचे बोट थांबले. ज्या अक्षरांत आजवर देवाचीच स्तुती वाचली, त्या अक्षरांत लिहिले होते: आई, भाऊ एझ्रा. खाली मागणी होती, तीन माणसांच्या घराची, तळमजल्यावर, आईला जिना चढवत नाही म्हणून.

टाकून गेली नव्हती. पुढे गेली होती.

दुसरा कागद इस्पितळाचा. पोहोचल्यावर सातव्या महिन्यात ताप येऊन मिलका वारली. वय सव्वीस. तिसरा कागद म्हणजे भावाला कळवलेल्या निधनवार्तेचा लिफाफा. पत्ता पंचवटीचा, आणि त्यावर आपल्याच पोस्टाचा शेरा: घर सोडून गेले, नवा पत्ता नाही.

काकांनी तिन्ही कागद एकावर एक नीट रचले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "बुवा, ती आमच्यासाठी घर शोधत होती आणि मी लपून बसलो होतो."

कद्दिश ही ज्यूंची मृतांसाठीची प्रार्थना. तिला दहा ज्यू पुरुष लागतात. काकांनी नाशिकभर फोन केले, पाचच जमले. माझ्याने राहवेना. म्हटले, आमच्या भजनी मंडळातले पाच जण आणतो.

काका डोळे पुसता पुसता हसले. "आणाल हो. पण मृदंगासकट येतील ते. मोजणीत बसणार नाहीत, बुवा. राग मानू नका."

"मग?"

"मग ठाण्याला जायचं. तिथे दहा जण मिळतील. मुंबईला निरोपाला गेलो नाही. आता निदान ठाण्यापर्यंत तरी जातो."

गुडघ्यांमुळे आठ वर्षे ज्यांनी गावाची वेस ओलांडली नव्हती, ते ज्योत्स्नाताईंच्या गाडीतून कसारा घाट उतरले. ठाण्याच्या प्रार्थनालयात दहा पुरुष उभे राहिले. मी मागे, डोके झाकून. काकांनी कद्दिश म्हटली. त्या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही, केवळ परमेश्वराची थोरवी आहे. आवाज तीनदा फुटला. तीनही वेळा दहा जणांनी "आमेन" म्हणून त्यांना सावरून घेतले.

परतल्यावर त्यांनी पाटी लावली: मिलका व एझ्रा झिराडकर.

हे दयाघना, त्या मुलीने मागितलेली तळमजल्यावरची जागा तुझ्या घरी तिला आणि तिच्या आईला मिळालेली असो. एझ्राकाकांना उरलेले दिवस शांत झोप लागो. त्या चौकटीला बोट लावणाऱ्या हातांना तुझा हात लाभो, आणि त्या दारातून आता एकही पत्र परत न जावो.