आहे त्याला नाही म्हणणारं मशीन

‘ls’ टाइप केलं. डिस्कवरच्या फाईली दाखवणारी, लिनक्स या संगणक-प्रणालीतली सगळ्यात साधी कमांड. उत्तर आलं, अशी फाईलच नाही.

दुसरी कमांड दिली. नाही. तिसरी. तीही नाही. पंखा फिरत होता, डिस्कचा दिवा लुकलुकत होता आणि मशीन आपलेच हातपाय नाकारत होतं.

नव्वदच्या दशकाची अखेर. कर्जतजवळच्या एका मिशन हॉस्पिटलचा हा सर्व्हर, त्याची देखभाल माझ्याकडे. डॉ. उजागरेंना लॅबचं नवं सॉफ्टवेअर हवं होतं, आणि सर्व्हरवरचं लिनक्स जुनं होतं. नव्याला नवी लायब्ररी लागते. लायब्ररी म्हणजे सगळे प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालतात तो सामाईक कोड. नव्या लायब्ररीचं पॅकेज चढलं, पण चढताना त्यानं जुन्या लायब्ररीकडे नेणारी लिंक पुसली. फाईली जागच्या जागी होत्या. वाट तेवढी गेली होती.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. “काष्टी गावची पेशंट आलीय. अपेंडिक्स. लगेच घ्यावं लागेल. जुना रेकॉर्ड काढा.”

मागून तिचा नवरा म्हणाला, “मागल्या टायमाला सुई दिली आन् हिचा श्वासच बंद पडला हुता, सायेब. कंची सुई, ते न्हाई ठाव.”

“डॉक्टर, मशीन बंद पडलंय,” मी म्हणालो.

“बंद कसं? सिस्टर साळवे वॉर्डात आत्ता एंट्री करतायत.”

मी वॉर्डात धावलो, डॉक्टर मागोमाग. सिस्टर खरंच सर्व्हरला जोडलेल्या टर्मिनलवर टाइप करत होत्या आणि स्क्रीन मुकाट उत्तरं देत होता. एंट्री संपवून त्यांचं बोट ‘एक्झिट’कडे निघालं.

“सिस्टर, हात काढा!”

“का हो?”

“बाहेर पडलात तर परत आत जाता येणार नाही. सर्व्हरवर आता काहीच चालत नाहीये.”

त्यांनी खुर्ची मागे सारली. “मग हे कोण चालवतंय?”

त्यांचा प्रोग्रॅम सकाळीच सुरू झाला होता. जुनी लायब्ररी त्यानं मेमरीत धरून ठेवली होती. पायाखालची जमीन गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं. मी जपून पेशंटचं नाव टाकलं. रेकॉर्ड उघडलं.

“पेनिसिलिन,” डॉक्टर म्हणाले आणि ऑपरेशन थिएटरकडे वळले.

मी सर्व्हरपाशी परतलो. ‘sln’ नावाची एक छोटी कमांड असते. ती लायब्ररीवर विसंबत नाही, लागेल ते सगळं स्वतःच्या पोटात बाळगते. तिनं लिंक जोडली. पुन्हा ‘ls’ दिलं. फाईलींची रांग सरसर खाली उतरली, मधे काही घडलंच नसल्यासारखी.

बाई बरी होऊन घरी गेली. सिस्टर मात्र बरेच दिवस त्या टर्मिनलसमोर एकट्या बसत नसत.

जुन्या लिनक्सवर नवं चढवताना आधी सगळ्यांना लॉगआउट करायला सांगावं, असा नियम आहे. मी एकाला तरी आत बसवून ठेवतो.