जातो न्हाई, येतो म्हण

मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसतात. हसनाबादच्या बाजारात मी कांदे घेत असलो तरी हसतात. मोबाईलवर आमचे विनोदी व्हिडिओ चालतात, त्यात मी दारुड्या जावई असतो. सासुरवाडीत पडतो, उठतो, परत पडतो. चांगलं काम आहे, मला आवडतं बी. पण वडील गेले त्या दिवशी तिरडी बांधून राह्यलो होतो, तर गर्दीतून एकानं मोबाईल वर केला अन् म्हणाला, "भाऊ, जावयाचा एक डायलॉग होऊन जाऊ द्या." दोघं-चौघं फिसकन हसले. माय समोरच बसली होती. तिनं सगळं ऐकलं, पण बोलली काहीच न्हाई. तेच मला लागलं. आपल्या बापाच्या मातीला बी आपण विदूषकच, हे डोक्यातून जाईना.

म्हणून भोकरदनच्या एका मास्तरांनी सुपरहिरोचा सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांच्या मागंच लागलो. हिरो गोदावरीच्या पुरातून गाव वाचवतो अन् शेवटी स्वतः पाण्यात जातो. मी म्हटलं, सर, हा रोल मलाच द्या, पण एका अटीवर. मी कुणाला हसवणार न्हाई.

मास्तर चांगला माणूस, पण त्यांना लोकांची भीती. "अरे, नुसता गंभीर हिरो कोण बघतंय? तुझी ती हिरोची पाठीवरची शाल मोटारसायकलच्या चाकात अडकू दे, एवढंच कर." मी म्हटलं, अडकली की मी परत जावई झालो. यावर आमचं इतकं वाजलं, की ते मला सोडून दुसरा बघायला निघाले होते. शेवटी ठरलं, हसवायचं ते बाकीच्यांनी. मी हसायचं बी न्हाई.

ड्रेस शिवला आमच्या गल्लीतल्या चाचांनी, निळ्या रेक्झिनचा. झिप पाठीवर. "मियाँ, सांस अंदर लो," म्हणाले, अन् खर्रकन वर ओढली. "अब बिलकुल हीरो." हिरो कसला! हात खाली येईनात, बसता येईना, अन् आपल्या हातानं काढायची तर सोयच न्हाई. वरून शहागडचं ऊन. नदीकाठी उभा राहून मी आतल्या आत शिजत होतो.

शेवटचा सीन तिथंच होता. गावातलीच माणसं काठावर उभी केली होती. मी त्यांच्याकडं बघायचं, "जातो" म्हणायचं अन् पाण्याकडं वळायचं. बस, एक शब्द. कॅमेरा चालू झाला. मी जीव ओतून म्हणालो, "जातो."

"जातो काय म्हणतो रे मेल्या!" पहिल्या रांगेतली म्हातारी कडाडली. "बाहेर पडताना जातो म्हणतेत का? येतो म्हण!"

सगळा काठ खदखदला. मास्तर बी तोंडावर हात धरून हलायले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, झालं, इथं बी सुटका न्हाई. मंग म्हातारीकडं बघितलं. ती हसत नव्हती. तिचा हात अजून वरच होता, मला थांबवायला. तिला मी खरंच चाललो वाटत होतं. माझा राग कुठं गेला कळलं न्हाई. मी हात जोडले अन् म्हणालो, "येतो, माय." आवाज फुटला तो नाटकाचा नव्हता.

सिनेमा दाखवला भोकरदनच्या एका मंगल कार्यालयात. मास्तरांच्या हट्टापायी मी ड्रेस घालूनच गेलो, अन् झिप अडकली. मायच्या शेजारी खुर्चीच्या काठावर टेकून बसलो, काठी गिळल्यासारखा. पडद्यावर मी आलो अन् हॉल हसला. मी काहीच केलं नव्हतं, नुसता चालत आल्तो. वाटलं पळून जावं, पण या पोशाखात पळणार कुठं?

नदीवरचा तो सीन मास्तरांनी तसाच ठेवला होता. म्हातारी कडाडली तेव्हा तर पोट धरून हसले लोक. आता माझी पाळी.

"येतो, माय."

हॉलमध्ये नुसता पंख्यांचा आवाज. मी मान वळवून मायकडं बघायला गेलो, तर मानसुद्धा वळेना.

बाहेर आलो तर गर्दी. माय मागून झिप ओढून बघत होती. तेवढ्यात एकानं मोबाईल वर केलाच, "भाऊ, जावयाचा एक होऊन जाऊ द्या!" अन् काय सांगू, माझा ओठ आपोआप वाकडा झाला, दारुड्या जावयासारखा. सवयच तशी.

मायनं झिप सोडली अन् पुढं आली.

"का रं बाबा, आत तू म्हातारीला हसलास ना?"

"हो मावशी, लई हसलो."

"अन् यानं 'येतो, माय' म्हटलं तवा?"

त्यानं मोबाईल खाली घेतला. "न्हाई मावशी. तवा कोणीच हसलं न्हाई."

"मंग आज राहू दे," माय म्हणाली. "त्या दिवशी मला बोलता आलं न्हाई."

झिप काही निघाली न्हाई. घरी जाऊन कात्रीनं कापू म्हणाली. तिला मोटारसायकलवर मागं बसवलं अन् निघालो, तसाच निळा.